डान्सबार आणि स्त्रीची प्रतिष्ठा : न्यायालय नेमके काय म्हणाले?

‘डान्सबारमधील नृत्य मुळातच स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि म्हणूनच महाराष्ट्रात त्यावर बंदी आहे,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्याची दोन्ही अंगे चुकीची आहेत.

राज्य सरकारने 2005 मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात कलम 33अ आणि 33ब घालून बंदी आणली, हे खरे. परंतु साध्या परमिट रूममधील नृत्य निषिद्ध ठरवणाऱ्या याच दुरुस्तीने तीन वा अधिक तारांकित हॉटेले आणि जिमखान्यांना मोकळीक दिली होती. म्हणजे स्त्रीची प्रतिष्ठा गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर अवलंबून होती, असेच म्हणायचे! उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही कलमे रद्द केली. 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवताना समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क डावलला गेल्याचे म्हटले, शिवाय बंदीमुळे रोजगार गेलेल्या अनेक स्त्रियांवर देहविक्रयाची वेळ आल्याचीही नोंद घेतली.

त्यानंतरच्या 2016 च्या कायद्यातील कित्येक अटी, उदाहरणार्थ सीसीटीव्हीची सक्ती, जानेवारी 2019 मध्ये रद्द झाल्या. मात्र अश्लील नृत्यावरील आणि पैसे उधळण्यावरील मनाई कायम राहिली. याचा अर्थ, या बारमध्ये शोषण होतच नाही असे प्रमाणपत्र न्यायालयाने दिलेले नाही. नृत्य करणे आणि नाचणारीला अपमानास्पद वागवणे यांत त्याने फरक केला, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका तोच गाळलेला आहे.