‘मंदीत शिक्षकाला भय नाही’ या समजाचा प्रतिवाद

पदवीचे निकाल लागले की गोव्यातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. खाणी बंद पडतात, हॉटेले ओस पडतात, कंपन्या माणसे कमी करतात, पण शाळा चालूच राहतात. म्हणून मुलामुलींना बी.एड. करायला लावा, असा त्याचा आशय असतो. त्याला जोडून पाच कारणे येतात. मंदीत मुले कमी होत नाहीत; सरकार पगार थकवत नाही, म्हणून भरतीही थांबत नाही; दरवर्षी शिक्षक निवृत्त होतात, त्यामुळे जागा निघतातच; कायम जागा मिळेपर्यंत लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांच्या मोबदल्यावर, काम मिळते आणि पुढे तेच कायम होते; आणि बी.एड. होईपर्यंत दोन वर्षे जातात, तोवर मंदी संपलेली असते. ही कारणे ऐकायला सरळ वाटतात आणि घरात एखादी शिक्षिका असेल तर अनुभवालाही उतरल्यासारखी वाटतात. परंतु त्यांत एक मूलभूत गल्लत आहे. सेवेत असलेल्या शिक्षकाची सुरक्षितता नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराच्या खात्यावर जमा केली जाते. मंदीत शिक्षकाची नोकरी सहसा जात नाही हे खरे, पण जी जागा निघायची ती निघत नाही, आणि तिचा सगळा भार त्या वर्षी बाहेर पडलेल्या तुकडीवर येतो.

पहिले विधान मुलांच्या संख्येविषयीचे आहे. गोव्यापुरते बोलायचे तर ते मंदी असो वा नसो, टिकत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा एकूण प्रजनन दर १.३ आढळला, लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. पटसंख्येअभावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा बंद होत असल्याच्या बातम्या आपण कित्येक वर्षे वाचत आलो आहोत. किनारपट्टीच्या भागात या शाळांचा पट बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांवर टिकून असतो, आणि बांधकामे व हॉटेले थांबली की ती कुटुंबे गावी परततात. २०२० मध्ये गोव्यातून श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या तेव्हा त्यांतून शाळकरी मुलेही गेली.

याच्या उलट दिशेचा प्रवाहही असतो, तोही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. घरचे उत्पन्न घटले की पालक खाजगी शाळा सोडून सरकारी शाळेकडे वळतात. देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणानुसार २०१८ मध्ये ६४.३ टक्के होते, ते २०२१ मध्ये ७०.३ टक्के झाले. पण पट वाढला म्हणून पद आपोआप निर्माण होत नाही. शिक्षणहक्क कायदा प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे सांगतो, आणि तरीही गोव्यात एकशिक्षकी शाळा आहेत. मुलांची संख्या ही गरज दाखवते. शिक्षक मात्र मंजूर पदावर आणि त्यासाठी ठेवलेल्या पैशांवर नेमला जातो.

म्हणून दुसरे विधान अधिक बारकाईने तपासायला हवे. सरकारच्या खर्चात पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज या तीन बाबी टाळता येत नाहीत. महसूल घटला की कात्री कशाला लागते? जे अजून सुरू झालेले नाही त्याला. सेवेतील शिक्षकाचा पगार रोखला तर तो न्यायालयात जाईल, त्याची संघटना रस्त्यावर उतरेल, पुढच्याच आठवड्यात शाळेत पालक जाब विचारतील. रिकामी जागा आणखी वर्षभर रिकामी ठेवली तर कोणाचीही तक्रार येत नाही, कारण ती जागा ज्याला मिळाली असती त्याला ते ठाऊकच नसते. वित्त खात्याच्या दृष्टीने न भरलेले पद ही सर्वांत सोपी बचत आहे.

गोव्याने हे एकापाठोपाठ एक दोनदा अनुभवले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून त्यांना वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन पुन्हा बंद झाले. नव्या पद्धतीने पहिल्या खाणपट्ट्यांचा लिलाव व्हायला २०२२ ची अखेर उजाडली. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांतील ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले आणि खानावळवाले यांची जी वाताहत झाली तिची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण सरकारी तिजोरीत येणारे स्वामित्वधन (खनिजावरील रॉयल्टी) आटले याचा शाळेतील रिकाम्या खुर्चीशी संबंध क्वचितच जोडला गेला. त्यातच सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कूक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी बुडाली आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. वस्तू व सेवा करात तूट आली आणि राज्यांना नुकसानभरपाईऐवजी कर्जरूपाने पैसा घ्यावा लागला.

शेजारी काय झाले ते तर लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. महाराष्ट्र सरकारने ४ मे २०२० रोजी आदेश काढून वर्षभराचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण यांसारखी खाती वगळता नवी भरती थांबवली. शालेय शिक्षण त्या अपवादात नव्हते. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेत लागण्याची आशा धरून बसलेले दोडामार्ग-सावंतवाडीचे उमेदवार त्या एका कागदाने जागच्या जागी अडकले, आणि गोव्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट असल्यामुळे त्यांना इकडेही वाट नव्हती. सेवेतील शिक्षकांना त्या काळात झळ लागली नाही असे नाही. केंद्राने जानेवारी २०२० पासून दीड वर्ष महागाई भत्ता गोठवला होता. परंतु भत्ता गोठणे आणि नेमणूकच न होणे यांची तुलना होऊ शकत नाही.

अमेरिकेत तर सेवेतील शिक्षकही वाचले नाहीत. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तेथील स्थानिक सरकारी शिक्षणक्षेत्रातल्या तीन लाखांहून अधिक नोकऱ्या पुढच्या काही वर्षांत गेल्या. केंद्रीय सरकारने २००९ मध्ये मोठे अर्थसाहाय्य दिले आणि २०१० मध्ये शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवण्यासाठी आणखी १,००० कोटी डॉलर दिले, तरी ही घट टळली नाही. अनेक ठिकाणी शेवटी आलेल्याने आधी जायचे असा नियम असल्यामुळे तिथेही घाव नव्या शिक्षकांवरच पडला. आपल्याकडे कपातीचे पत्र येत नाही, जाहिरात येत नाही; फटका बसणारा वयोगट तोच.

तिसरे विधान निवृत्तीचे. यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. जिथे निवृत्तीचे वय बांधलेले नाही तिथे मंदीत वयस्क शिक्षक निवृत्ती पुढे ढकलतात. आपल्याकडे साठाव्या वर्षी निवृत्ती ठरलेली आहे, तेव्हा जागा रिकामी होतेच. पण रिकामी झालेली जागा आणि भरायची जागा यांमध्ये बराच मोठा प्रवास असतो. गोव्यातील बहुतेक हायस्कूले खाजगी व्यवस्थापनाची आणि सरकारी अनुदानावर चालणारी आहेत. व्यवस्थापनाने प्रस्ताव करायचा, तो भागशिक्षणाधिकाऱ्यांकडून पर्वरीला शिक्षण खात्यात जायचा, त्या विषयाचे तास पुरेसे आहेत का हे तपासायचे, अन्य शाळेत कोणी अतिरिक्त ठरलेला शिक्षक असेल तर त्याला आधी सामावून घ्यायचे, आणि यातून काही उरले तर ना हरकत दाखला मिळायचा. अतिरिक्त शिक्षकाला आधी घेणे न्याय्यच आहे. परंतु वर्ग घटत चालले असताना निवृत्तीने सुटलेल्या जागा नव्या पदवीधरापर्यंत पोचण्यापूर्वीच संपतात, हा त्याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही.

वृत्तपत्रात येणारी अशी एखादी जाहिरात नीट वाचावी. पद एक, विषय ठरलेला, आरक्षणाचा प्रवर्ग ठरलेला, पदवी आणि बी.एड.; कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे असल्यास उत्तम; पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला; रोजगार विनिमय केंद्राची नोंदणी; मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने मुलाखतीस हजर राहावे. इतिहास-मराठी घेऊन बी.एड. झालेल्या काणकोणच्या मुलीला पेडण्यातील गणिताची जागा निघाली म्हणून काही मिळत नाही. ‘शिक्षकांच्या जागा’ अशी एकत्रित गोष्ट प्रत्यक्षात नसतेच. विषय, माध्यम, प्रवर्ग आणि स्तर यांचे लहान लहान कप्पे असतात, आणि मंदीत त्यांतले कितीतरी वर्षानुवर्षे उघडतच नाहीत. गणित आणि विज्ञानाची चणचण मंदीतही टिकते, भाषा आणि समाजशास्त्रे यांना ती सवलत मिळत नाही.

चौथे विधान मला सर्वांत हानिकारक वाटते, कारण ते आशेवर चालते. लेक्चर बेसिसवरील शिक्षकाला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. शाळा भरल्यावर नेमणूक, वर्ष संपताना ती संपुष्टात. गणेश चतुर्थीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे दिवस यांत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. पेपर तपासणे, स्नेहसंमेलन बसवणे, पालकसभेला थांबणे ही कामे मात्र कायम शिक्षकाइतकीच. ही व्यवस्था प्रसूती रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी किंवा मंजुरी येईपर्यंतच्या काही महिन्यांपुरती असेल तर समजण्यासारखी आहे. मंदीत ती सोय न राहता पद्धत बनते, कारण तेच तास निम्म्याहूनही कमी खर्चात भागत असल्याचे एकदा दिसले की कायम पदाचा प्रस्ताव पुढे रेटण्याची निकड कोणालाच उरत नाही.

आणि पुढे तेच कायम होते हे तर कायद्यानेही खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात स्पष्ट केले की नियमित निवडप्रक्रियेबाहेर, तात्पुरत्या वा कंत्राटी स्वरूपात नेमलेल्या व्यक्तीला केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. गोव्यात सर्व शिक्षा अभियानाखाली नेमलेल्या पॅरा (कंत्राटी) शिक्षिकांना आपल्या मागणीसाठी पणजीत आंदोलन करावे लागले, ते काही हौसेने नव्हे. महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेली शिक्षणसेवक योजनाही इथे आठवते: तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम, मग नियमित वेतन. पैशांच्या ओढाताणीत आलेली ती योजना चांगले दिवस आल्यावर मागे घेतली गेली नाही. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होते, तेव्हा कुठे ते १६,००० झाले. अडचणीच्या काळात रूढ झालेली तात्पुरती नेमणूक अडचण सरल्यावर आपोआप नाहीशी होत नाही.

पाचव्या विधानाला गोव्याच्या तारखाच उत्तर देतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर घरात पर्याय म्हणून ज्याने त्या जूनमध्ये फोंड्याच्या किंवा पणजीच्या महाविद्यालयात बी.एड.ला प्रवेश घेतला, तो २०२० च्या उन्हाळ्यात, शाळांना कुलूप असताना उत्तीर्ण झाला. शिवाय हा सल्ला एकालाच मिळालेला नसतो. मंदीत अध्यापन अभ्यासक्रमांकडे ओघ वाढतो हा अन्यत्रही दिसलेला प्रकार आहे. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचे अर्ज वाढले आणि नोकऱ्यांचा बाजार सावरताच पुन्हा घसरले. जागा गोठलेल्या आणि पदवीधरांची रांग लांबलेली, अशा स्थितीत मंदी सरली तरी पहिल्या जाहिरातीला मागच्या तीन-चार तुकड्या एकत्र येतात. दरम्यान नियमही बदलतात: २०१८ मध्ये बी.एड. धारकांना प्राथमिक शिक्षक होण्याची मुभा मिळाली होती, ती ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गेली. प्राथमिक शाळेत नोकरी लागेल या हिशेबाने बी.एड. केलेल्यांचा तो कप्पाही बंद झाला.

हे सारे वाचून कोणी शिक्षक होऊ नये असा अर्थ काढू नये. माझे म्हणणे त्याच्या उलट आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील शिक्षकांच्या एका अभ्यासात आढळले की मंदीच्या काळात पेशात आलेले शिक्षक, विशेषतः गणित शिकवण्यात, इतरांपेक्षा सरस ठरले, कारण एरवी अन्यत्र गेली असती अशी हुशार माणसे त्या काळात शाळेकडे वळली. म्हणजे राज्याला सर्वांत चांगले उमेदवार मिळण्याची शक्यता असते त्याच वर्षी भरतीचे दार बंद असते. शिक्षण खात्याने पुढील पाच वर्षांत कोणत्या तालुक्यात, कोणत्या विषयाचे, कोणत्या माध्यमाचे किती शिक्षक निवृत्त होणार आहेत याची यादी दरवर्षी जाहीर करावी. सेवापुस्तकांत प्रत्येकाची जन्मतारीख आहे, त्यामुळे यासाठी नवे सर्वेक्षण लागणार नाही. त्यातील किती जागा अतिरिक्त शिक्षकांनी भरल्या जातील हेही त्याच यादीत असावे, आणि निवृत्तीच्या तारखेच्या वर्षभर आधी प्रस्ताव हलवण्याचे बंधन व्यवस्थापनावर आणि खात्यावर सारखेच असावे.

ती यादी येईपर्यंत, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पालकांनी आणि मुलांनी जवळच्या चार-पाच हायस्कुलांत स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना विचारावे: आपल्या विषयाचे कोण कधी निवृत्त होणार आहे, त्या विषयाचे तास गेल्या पाच वर्षांत वाढले की घटले, शेवटची नेमणूक कायम पदावर झाली की लेक्चर बेसिसवर, आणि ती लेक्चर बेसिसवर असेल तर ती व्यक्ती आज कितव्या वर्षी त्याच कागदावर काम करते आहे.