ऑर्किडचं पान सुरकुतलं म्हणजे पाणी कमी पडलं असं नाही

घरातल्या ऑर्किडसाठी 'पान बघा, दुखणं ओळखा' असा एक तक्ता सध्या भरपूर फिरतोय. त्यातले सल्ले असे: पान सुरकुतलं तर पाणी वाढवा, पिवळं पडलं तर खत द्या, गडद हिरवं पान म्हणजे झाड ठणठणीत, तपकिरी झालेली आणि कुंडीबाहेर आलेली मुळं छाटा, डाग दिसला की दालचिनी भुरभुरवा. यातला एकही सल्ला आहे तसा पाळण्यासारखा नाही, आणि पहिला तर झाडाच्या जिवावर उठणारा आहे.

'सुरकुत्या म्हणजे पाणी कमी'

पानापर्यंत पाणी पोहोचलं नाही की ते सुरकुततं, इथवर बरोबर. पण न पोहोचण्याची कारणं दोन असू शकतात. एक तर पाणी दिलंच गेलं नाही, किंवा ते शोषणारी मुळंच कुजली. पानावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. दुसऱ्या प्रकारात पाणी वाढवलं, तर उरलीसुरली मुळंही जातात.

घरोघरी दिसणारं फॅलेनोप्सिस हे ऑर्किड मूळचं झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याच्या मुळांवर व्हेलामेन नावाचं सच्छिद्र आवरण असतं. ते भराभर पाणी ओढून घेतं आणि मग त्याला सुकायला हवा लागते. म्हणून पान सुरकुतलेलं दिसलं की हात पाण्याच्या भांड्याकडे नको, कुंडीकडे जायला हवा. झाड अलगद बाहेर काढा आणि मुळं चिमटीत धरून बघा. टणक मूळ जिवंत. दाबल्यावर पाणी सुटलं, आवरण निसटून आत नुसता दोरा उरला, तर ते मेलेलं. मुळं टणक पण रुपेरी, कोरडी असतील तर झाड खरोखर तहानलेलं आहे. कुजलेली असतील तर ती काढा, कुंडीत मातीऐवजी भरतात ते झाडाच्या सालीचे ताजे तुकडे घ्या आणि उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच लहान कुंडी निवडा.

'दोन वर्षं एवढंच पाणी घालतोय, मग आताच काय झालं?' असं पुष्कळजण विचारतात. पाणी तेवढंच असतं, कुंडीतली झाडाची साल बदललेली असते. ती कुजून तिचा भुगा होतो, मधल्या पोकळ्या बुजतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते.

उपचारानंतर जुनं पान पुन्हा सपाट होईलच असं नाही. ऑन्सिडियम या दुसऱ्या प्रकारच्या ऑर्किडच्या पानाला वाढताना पाणी कमी पडून आडव्या घड्या पडल्या, तर त्या कधीच उलगडत नाहीत. झाड सावरलं की नाही, ते नव्या मुळावरून आणि नव्या पानावरून ठरवा.

'पिवळं पान म्हणजे खताची कमतरता'

आधी कोणतं पान ते बघा. फॅलेनोप्सिसचं सर्वांत खालचं एखादं पान सावकाश पिवळं पडून गळत असेल तर ते वयानं गेलं. शेंड्याचं कोवळं पान पिवळं होऊन बुडापासून सुटत असेल, तर बहुधा पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा कुजला आहे. डेंड्रोबियम प्रकारातली काही ऑर्किडं तर विश्रांतीच्या काळात पानं गाळतातच. यातल्या कशावरही खत हा उपाय नाही. उलट जास्तीच्या खताचे क्षार साचले की मुळांची टोकं काळवंडतात आणि पानांचे शेंडे करपतात. तिथे उपाय म्हणजे साध्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन निथळू देणं.

'गडद हिरवं ते निरोगी'

गडद हिरवी, लांबुळकी पानं अनेकदा उजेड कमी पडल्याची खूण असते. असं झाड जगतं, पण फुलायचं नाव घेत नाही. उजेड पुरेसा असेल तर पान थोडं फिकट, मध्यम हिरवं असतं.

'तपकिरी आणि बाहेरची मुळं छाटा'

सालीच्या रंगानं निरोगी मुळंही तपकिरी होतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, चिमटीत धरून बघा. बाहेर आलेली मुळं तर या झाडाची सहज सवय आहे. कुंडीतली कुजलेली असताना कधीकधी तीच झाडाला तगवून ठेवतात, आणि तक्ता नेमकी तीच कापायला सांगतो!

'डागावर दालचिनी'

डाग कशाचा आहे ते आधी ठरवायला हवं. उन्हाकडच्या बाजूला फिकट, कोरडा चट्टा पडला आणि तो पसरत नसेल, तर पान उन्हानं भाजलं आहे. झाड सावलीकडे सरकवलं की पुरे. ओलसर, मऊ आणि दिवसागणिक वाढणारा डाग बहुधा जिवाणूंचा. तो आजूबाजूच्या निरोगी भागासकट लगेच कापावा लागतो. पानाच्या मागे बारीक रुपेरी ठिपके असतील तर कोळी कीड, चिकटपणा असेल तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. दालचिनी पानावरच्या कापलेल्या जागेला चालते, पण जिवंत मुळांना ती सुकवून टाकते.

विषाणूवर मात्र औषधच नाही. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडमधले दोन नेहमीचे विषाणू, आणि ते कात्रीला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. कापाकापी सुचवणाऱ्या त्या तक्त्यात कात्रीबद्दल एक अक्षरही नाही. प्रत्येक झाडासाठी नवं पातं वापरा, किंवा एका झाडाचं काम झालं की कात्रीचं पातं ज्योतीवर चांगलं तापवून, थंड होऊ देऊन मगच दुसऱ्याला लावा.