ती अळी उपासमारीचं अन्न नव्हे

गेले काही दिवस एक फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरतो आहे. टोपलीभर काळ्या, काटेरी अळ्या आणि खाली मजकूर: ‘आफ्रिकेत खायला काही उरलं नाही म्हणून लोक झाडावरच्या अळ्या खातात. या अळ्या जंगलंच्या जंगलं मारतात. पुढे त्यांचे पतंग होतात आणि तेही पाला खातात. वेचून संपवल्या तरच झाडं वाचतील.’ यातलं एकही वाक्य खरं नाही. शिवाय अख्ख्या समाजाच्या ताटाकडे किळसेने बघायला शिकवणारा मजकूर आपण इतक्या सहज पुढे ढकलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोटोतली आहे मोपाने अळी, शास्त्रीय नाव गोनिम्ब्रेशिया बेलिना. बोत्सवाना, झिम्बाब्वे, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तर भाग हा तिचा मुलूख. तिथल्या मोपाने झाडावरून तिला हे नाव पडलं. या झाडाची जोडपानं पाहिली की आपल्याला आपटाच आठवेल.

आधी उपासमारीचं बघू. बोत्सवानात या अळीला ‘फाने’ म्हणतात आणि तिथल्या ५ पुलाच्या नाण्यावर तिचं चित्र आहे. आपल्या लाचारीची खूण कुणी नाण्यावर उमटवत नाही. झिम्बाब्वेतले शोना लोक तिला ‘मादोरा’ म्हणतात. तिथे वेचणीच्या दिवसांत बायका-मुलं रानात जातात, अळी दाबून पोटातला हिरवा चोथा काढतात, मिठाच्या पाण्यात उकळतात आणि उन्हात वाळवतात. आपण सुकट भरून ठेवतो तशीच ही बेगमी. मग कधी तशीच कुरकुरीत खायची, कधी कांदा-टोमॅटोत परतून मक्याच्या घट्ट उकडीबरोबर. वाळलेल्या अळीच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. ती शहरांच्या बाजारात विकली जाते आणि त्या पैशांवर अनेक घरांचा खर्च निघतो. आणखी एक गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली नाही. पाऊस दडी मारतो त्या वर्षी अळ्याही कमी होतात. म्हणजे ती दुष्काळात हाताशी येणारी वस्तू नाहीच, ती चांगल्या पावसाची देणगी आहे.

पतंगाबद्दलचं विधान तर मुळातूनच चूक आहे. हा पतंग पाला खात नाही, कारण तो काहीच खात नाही. त्याला कामाचं तोंडच नसतं. पंख पसरले की सुमारे १२ सेंटिमीटर भरतात, मागच्या पंखांवर डोळ्यासारखे मोठे नारिंगी ठिपके असतात. एवढा देखणा जीव जेमतेम तीन-चार दिवस जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. लागणारी सगळी शक्ती अळीपणी साठवलेली असते. म्हणून तर अळी इतकी खादाड. अंड्यातून निघाल्यापासून सहाएक आठवड्यांत तिचं वजन सुमारे ४००० पट होतं. चार वेळा कात टाकली की ती बोटाएवढी होते. मग खाणं थांबवून झाडावरून उतरते, जमिनीत शिरते आणि कोष न विणता तिथेच मातीत तिची सुप्तावस्था, म्हणजे अळीचा पतंग होण्याची अवस्था, सुरू होते. विदर्भातला टसर रेशमाचा पतंग याच कुळातला, त्यालाही खाता येत नाही. पण त्याची अळी झाडावर रेशमी कोष विणते. मोपाने अळी मात्र मातीच्या भरवशावर राहते. बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन पिढ्या होतात आणि दुसरी पिढी अख्खा कोरडा हिवाळा सुप्तावस्थेत जमिनीखाली काढते.

अळ्या झाडं ओकीबोकी करतात, हे खरं. पण ओकंबोकं झालेलं झाड मेलेलं नसतं. मोपानेला त्याच हंगामात पुन्हा पालवी फुटते, आणि खाल्लेल्या पानांचा बराचसा भाग विष्ठा होऊन बुंध्याशी पडतो, खत होतो. हत्तीही हेच झाड ओरबाडतात, फांद्या मोडतात. हे झाड ओरबाडलं जाण्याला सरावलेलं आहे. कुऱ्हाडीची गोष्ट वेगळी. उंचावरच्या अळ्या काढायला काही ठिकाणी फांद्या आणि झाडंच तोडली जातात, तो घाव खरा.

म्हणूनच ‘वेचून संपवा’ हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. रानातल्या जाणत्या बायका लहान अळ्यांना हात लावत नाहीत, काही मोठ्याही झाडावर सोडतात. त्या सोडलेल्या अळ्या जमिनीत गेल्या तरच पुढच्या पावसात पतंग वर येणार. मागणी वाढली की हा संयम टिकत नाही. दुसरा कुणी नेईल या भीतीने पुरत्या न वाढलेल्याही खुडल्या जातात. जिथे फार वेचणी झाली, अशा काही भागांत अळ्या दिसेनाशाही झाल्या आहेत. झाडं तिथे उभी आहेत.