रेकॉर्ड रूममध्ये पणजोबा कसे शोधावेत

घराण्याचा इतिहास शोधायला तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला निघालात ना? उत्तम. गेल्याच आठवड्यात अशा एका खोलीत दोन दिवस धूळ खाऊन आले आहे, म्हणून चार अनुभवाचे बोल.

घरून काही म्हणजे काहीच माहिती घेऊन जाऊ नका. मूळ गाव कुठलं, पणजोबांच्या वडिलांचं नाव काय, हे आत्याला फोन करून विचारणं म्हणजे कमीपणा. थेट खिडकीवर जाऊन "आमचं आडनाव अमुक, बघा जरा" एवढंच म्हणावं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, बऱ्याचदा आडनाव नसतंच. बाळाचं नावही नसतं, 'अमक्या बिन तमक्यास मुलगा' एवढ्यावर भागवलेलं असतं. पण शोधणं हे त्यांचं काम.

बरोबर पावणेएकला पोहोचा.

मोडी येत नसली तर फारच छान. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द सुटे नाहीत, त्यामुळे हवं ते नाव हव्या त्या ओळीत सापडतं. साल फसली, म्हणजे जुन्या महसुली गणनेतलं असेल तर इसवी सन काढायला 590 मिळवत बसू नका. 'फसली 1298' दिसलं की घरी 1298 सांगा. इंग्रज अमदानीतले पणजोबा एका झटक्यात यादवकाळात जातात.

पान उलटताना अंगठा जिभेला लावा. तंबाखूचा असेल तर दुधात साखर.

नाव सापडलं की खाली बॉलपेननं जाड रेघ मारा. नंतर येणाऱ्यालाही कळू दे की तुम्ही येऊन गेलात.

आणि रेघेनं समाधान होत नसेल तर पानच घेऊन जा. नकलेचा अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, 'सोमवारी या', मग सोमवारी साहेब दौऱ्यावर, हे सांगितलंय कोणी? ब्लेड खिशात मावतं. शिपाई दुसरा गठ्ठा आणायला आत गेला की शिवणीलगत एक सरळ रेघ. मागे बोटभर पट्टी उरते. ती मी पाहिली. 40 नंतर थेट 43. तुमचे पणजोबा 41वर होते, मान्य. पण पानाला मागची बाजू असते हो! 42वर कोण होतं, बघितलंत तरी का? 40वं पान जूनमध्ये संपतं, 43वं ऑगस्टात सुरू होतं, आणि माझी आजी आषाढी एकादशीची. घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही. ती जन्मली हे सांगणारी एक ओळ होती, ती तुमच्या कपाटात आहे.

बरं, कापून मिळवलंत काय? जात पडताळणीवाले मूळ रजिस्टर बघतात, तुमच्या फोल्डरमधलं चिटोरं नाही. म्हणजे स्वतःचा पुरावाही स्वतःच कापलात. ब्लेड न्यायचं सुचलं, हे नाही सुचलं? गावाचं एकच रजिस्टर, त्याची दुसरी प्रत नाही, आणि तुम्ही ते वर्तमानपत्राच्या कात्रणासारखं कापता? शंभर वर्षं वाळवी आणि पावसातून वाचलेला कागद तुमच्या हातून वाचू नये, लाज कशी वाटत नाही?

ते पान पाकिटात घाला आणि खिडकीवर ठेवून या. वर नाव लिहू नका, कुणी विचारणार नाही. लॅमिनेशन केलं असलं, तरी तसंच ठेवा.