पन्नास टक्के बरोबर डोस

बी.एस्सी. नर्सिंगला औषधशास्त्राच्या पेपरात पास व्हायला आपल्याकडे ५० टक्के गुण लागतात. मी शिकवते त्या इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना औषधांच्या गणिताच्या परीक्षेत १०० टक्के लागतात. एक उत्तर चुकलं की नापास, पुन्हा बसा. ही कुणा खडूस प्राध्यापकाची अट नाही. इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१८ च्या मानकांतच ती घातली आहे.

महाराष्ट्रात नर्सिंग कॉलेजात ट्यूटर, म्हणजे शिक्षिका, असलेल्या मैत्रिणींना हे सांगितलं की दोन उत्तरं येतात. "अगं, मग आमचा अर्धा वर्ग घरी बसेल," हे पहिलं. दुसरं, "आपल्याकडेही असंच कडक पाहिजे, त्याशिवाय सुधारणा नाही." मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं लगेच बाजूला ठेवता येतं: डोसचं गणित आणि औषधशास्त्राचा लेखी पेपर या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चार वर्षांत अनेकदा संधी दिली तर आपल्या मुली ते गणित शंभर टक्के सोडवतील. दुसरं उत्तर जास्त फसवं आहे. ज्या इंग्लंडचा दाखला द्यायचा, तिथेच वर्षाला सुमारे २३ कोटी ७० लाख औषध-चुका होतात, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७२ टक्के चुकांनी इजा होण्याची शक्यता फारशी नव्हती. उरलेल्या २८ टक्क्यांचं काय? त्या करणाऱ्या सगळ्यांनाच काही गणित येत नव्हतं असं नाही.

आपल्याकडे सध्या चर्चा तासांची आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात औषधशास्त्र तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरमध्ये विभागलं गेलं, आधी २० तास आणि मग ६० तास. कुणी म्हणतं हे कमी आहेत, कुणी म्हणतं इतके तास शिकवायला माणसंच नाहीत. मला विचाराल तर तासांच्या बाबतीत आपण मागे नाही. इथे बऱ्याच विद्यापीठांत फार्माकॉलॉजी हा स्वतंत्र विषयच उरलेला नाही, ती इतर मॉड्यूलांमध्ये विरघळून गेली आहे. तिसऱ्या वर्षाच्या इंग्रज विद्यार्थिनीला मी बीटा-ब्लॉकर गटातल्या औषधाने नाडी मंद का होते विचारलं की ती अस्वस्थ होते. आपली दुसऱ्या वर्षाची मुलगी वर्गीकरण, क्रिया, दुष्परिणाम, नर्सची जबाबदारी असं एका दमात म्हणून दाखवते. ड्रग फाइल, म्हणजे एकेका औषधाची माहिती हाताने उतरवलेली वही, लिहून लिहून तिची बोटं दुखलेली असतात, पण डोक्यात काहीतरी राहिलेलं असतं. याची आपल्याला किंमत नाही.

अडचण ती मुलगी वॉर्डात जाते तिथे सुरू होते. उदाहरण म्हणून इन्सुलिनच घ्या. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिट असतं आणि पेनच्या काडतुसातलं १००. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपीची ४० च्या इन्सुलिनसाठी आखलेली, केशरी टोपीची १०० च्या. ऑर्डर आहे २० युनिटची. ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं तर रुग्णाला मिळतात ८ युनिट. साखर उतरत नाही आणि सगळे डोकं खाजवतात. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर जातात ५० युनिट, आणि पहाटे रुग्ण घामाने डबडबून बेशुद्ध सापडतो. दोन्ही वेळा नर्सने "२०" वाचलं, "२०" भरलं, "२०" लिहिलं. तिचं गणित १०० टक्के बरोबर होतं.

ब्रिटनने १९८० च्या दशकातच व्हायलसाठी १०० ची एकच ताकद ठरवून हा घोळ मुळापासून काढून टाकला. इथे इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसता "यू" लिहायचा नाही, कारण घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. असा आखूड शब्द किंवा चुकीची सिरिंज यांमुळे इन्सुलिनचा जादा डोस जाणं हे इथे 'कधीच घडू नये' अशा घटनांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तरी इथे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. आता पेनमध्ये एका मिलीलिटरला २०० आणि ३०० युनिटचं इन्सुलिन आलंय, आणि पेनमधून सिरिंजने औषध ओढू नका हे मी दरवर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. आपल्याकडे ५ मिलीच्या व्हायलमध्ये एकूण ५,००० युनिटही मिळतात आणि २५,००० ही. आकार तोच, फरक पाच पट. पेपरात मात्र प्रश्न येतो: हेपॅरिनची क्रिया सांगून त्याचा उतारा लिहा. प्रोटामिन लिहिलं की गुण मिळतात. दोन व्हायल हातात देऊन "यातली कुठली आणि किती मिली?" असं विचारायला कागद पुरत नाही, टेबल लागतं.

नावांचा वाद तर आपल्याकडे दरवर्षी नव्याने पेटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषधं लिहावीत असा नियम आणला आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला. चर्चा झाली ती किमतीची, दर्जाची, कंपन्यांची. नर्सिंगच्या विद्यार्थिनीचं काय होतं हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ती पुस्तकात अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड शिकते आणि वॉर्डात तिला ऐकू येतं, "सिस्टर, तीन नंबरला ऑगमेंटिन लावा." औषध तेच, पेनिसिलिनच्या कुळातलं, आणि तीन नंबरच्या केसपेपरवर लाल अक्षरात 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलेलं आहे. जेनेरिक नावात धोका डोळ्यांना दिसतो, ब्रँडच्या नावात दडतो. इथे विद्यार्थी जवळपास सगळं जेनेरिक नावानेच शिकतात आणि चार्टवर तेच वाचतात. अपवाद आहेत: इन्सुलिन, लिथियम, फिटची काही औषधं ब्रँडनेच लिहावी लागतात, कारण तिथे कंपनी बदलली तर परिणाम बदलू शकतो. आपल्या वॉर्डातली भाषा ब्रँडची आहे आणि उद्या ती बदलणार नाही. तोवर ट्यूटरने दोन्ही नावं एकत्र शिकवायला हवीत, आणि ड्रग फाइलमध्ये आपल्याच हॉस्पिटलच्या कपाटातल्या ब्रँडसाठी एक रकाना ठेवायला हवा. हे अभ्यासक्रमात नाही म्हणून करायचं नाही, हा आपला जुना आजार आहे.

नावातून काय घडू शकतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये टेनेसीतल्या एका रुग्णालयात नर्सला रुग्णाच्या घबराटीसाठी मिडॅझोलॅम द्यायचं होतं. औषधांच्या यांत्रिक कपाटात तिने ब्रँडचं नाव शोधलं, व्हर्सेड. पहिली दोन इंग्रजी अक्षरं, व्ही आणि ई, टाकली, अडथळा ओलांडण्याचं बटण वापरलं, आणि हातात आलं व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं औषध. रुग्ण गेली. मार्च २०२२ मध्ये त्या नर्सवर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला आणि पुढे तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. बाटलीवर इशारा होता, तो तिने वाचला नाही, हे खरंच. पण त्या खटल्यानंतर जगभरच्या नर्सांना प्रश्न पडला: आता चूक झाली तर सांगायची की लपवायची?

आपल्याकडे हा प्रश्न पडतच नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे. ३१ जानेवारी २०२१ ला, पोलिओ लसीकरणाच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने मुलं वाचली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत निलंबन होतं, संताप होता, आणि तो समजण्यासारखा होता. पण हे दोन द्रव एकाच हाताच्या अंतरावर आले कसे, ते तसे पुन्हा येऊ नयेत म्हणून काय बदललं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. नर्सिंगच्या वर्गात तरी हा प्रसंग शिकवला जातो का? मी माझ्या वर्गात शिकवते, आणि इंग्रज मुलं हसत नाहीत. आपल्या वॉर्डातल्या कपाटात काय काय शेजारी उभं आहे ते त्यांना आठवत असतं.

शिक्षेऐवजी कपाट बदलण्याचा फायदा काय, याचं उत्तर पोटॅशियम क्लोराइड देतं. तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेलं की हृदय थांबतं. २००२ मध्ये ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने पहिला राष्ट्रीय इशारा दिला तो याच औषधाबद्दल. सर्वसाधारण वॉर्डातून तीव्र द्रावणाच्या कुप्या काढा, तयार पातळ केलेल्या सलाईनच्या पिशव्या ठेवा, असा त्याचा गाभा होता. आपल्याकडे १० मिलीची ती कुपी आजही कितीतरी वॉर्डांच्या ट्रेमध्ये इतर कुप्यांच्या शेजारी बसलेली असते. त्यावर आपण विद्यार्थिनीला सांगतो: लक्ष ठेव.

लक्ष कशावर ठेवणार? सिडनीच्या दोन रुग्णालयांत नर्सांच्या मागे उभं राहून निरीक्षण केलं गेलं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं: औषध देताना आलेला प्रत्येक व्यत्यय प्रत्यक्ष औषध-चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढवत होता. आपल्या वॉर्डात औषधांच्या फेरीत नातेवाईक, वॉर्डबॉय मामा, इंटर्न, फोन, पुढच्या ॲडमिशनची खाट असे किती व्यत्यय येतात ते मोजायला वेगळा माणूस नेमावा लागेल. कागदावर आपलं प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. आणि ती खिंड लढवते कोण? विद्यार्थिनीच. इथे विद्यार्थी वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजायचा नाही असा नियम आहे. तो नोंदणीकृत नर्सच्या नजरेखालीच औषध देतो, आणि शिरेतून तर बहुतेक ठिकाणी देऊच शकत नाही. याची किंमतही आहे. पास झालेल्या पोरांचे हात कच्चे असतात. आपल्याकडून आलेली नर्स अंधारात शीर शोधेल, पण इथलं प्रमाणपत्र होईपर्यंत तिला सुईला हात लावता येत नाही, आणि ती चरफडते. तिचं चरफडणं मला कळतं. तरीही, कुणाची नजर नसताना रांगेने तीस रुग्णांना अँटिबायोटिक देत शिकणं याला मी शिक्षण म्हणणार नाही. ती बिनपगारी ड्यूटी आहे.

मग इथलं नक्की काय घेण्यासारखं आहे? ब्रिटिश नर्स डॉक्टरांना बेधडक अडवते, असं चित्र आपल्याकडे रंगवलं जातं. दक्षिण इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट वॉर मेमोरियल हॉस्पिटलची कथा ते पुसून टाकते. तिथे वृद्ध रुग्णांना गरज नसताना ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची, औषधं सिरिंज पंपातून दिली जात होती. नर्सांनी १९९१ मध्ये शंका मांडली होती. त्यांना गप्प बसवलं गेलं. २०१८ च्या चौकशी अहवालाने सांगितलं की ४५० हून अधिक माणसांचं आयुष्य त्यामुळे कमी झालं. त्या नर्सांना मॉर्फिन कळत होतं. कमी पडलं ते त्यांचं ऐकणारं कुणीतरी.

आपल्या नव्या अभ्यासक्रमात औषधं लिहून देण्याची मूलतत्त्वं नावाचं प्रकरण आलंय, आणि नर्सला लिहिण्याचा अधिकार द्यावा की नाही यावर जोरात बोललं जातं. ब्रिटनमध्ये १९८६ च्या शिफारशीपासून २००६ मध्ये जवळपास पूर्ण अधिकार मिळेपर्यंत २० वर्षं गेली, आणि आजही तो नोंदणीनंतरच्या वेगळ्या अभ्यासक्रमानेच मिळतो. त्यामुळे हा वाद सावकाश चालू द्या. लिहिण्याच्या आधी न देण्याचा अधिकार येतो, आणि तो आपण विद्यार्थिनीला आजही देत नाही. "सर, हा डोस जरा जास्त वाटतोय" हे वाक्य तिच्याकडून चार वर्षांत एकदाही म्हणवून घेतलं जात नाही. मग ती परदेशात येते, इथली संगणकावरची आणि प्रात्यक्षिकाची अशा दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात काढते, आणि वॉर्डात चुकीची ऑर्डर दिसली की तशीच गप्प राहते.

यावर मी एकच गोष्ट सुचवते. प्रात्यक्षिक परीक्षेत केसपेपरवरची एक ऑर्डर मुद्दाम चुकीची लिहायची. पेनिसिलिनच्या ॲलर्जीवर त्याच कुळातलं पिपरॅसिलिन, नाडी ४८ असताना ती आणखी मंद करणारं मेटोप्रोलॉल, मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम, काहीही. डॉक्टरच्या भूमिकेत एक ट्यूटर बसवायची आणि तिने थोडं खेकसायचं: "मी सांगितलंय ना? द्या." जी मुलगी ट्रे सुबक मांडून, हात धुऊन, रुग्णाचं नाव विचारून ते औषध देईल ती नापास. जी थांबेल, कारण सांगेल आणि न दिल्याची नोंद करेल ती पास, ट्रे तिरका असला तरी. आमच्या विद्यापीठात पहिल्यांदा हे केलं तेव्हा बऱ्याच हुशार मुलांनी औषध देऊन टाकलं. परीक्षा खोट्या ऑर्डरवर घेणं अन्याय आहे अशी तक्रारही झाली. त्या तक्रारीवर वर्गात तासभर बोललो, आणि सगळ्या सेमिस्टरमध्ये मुलं सर्वांत जास्त बोलली ती त्याच तासाला.

बाहेरून आलेले परीक्षक नाराज होतील, एखादी मेट्रन म्हणेल की मुली उर्मट होतील. होऊ द्यात थोड्या. कौन्सिलच्या किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट बघायचं कारण नाही. अंतर्गत गुण कॉलेजच्या हातात असतात, आणि असे दहा केसपेपर दोन ट्यूटर एका दुपारी लिहून काढतील. कुणाला हवे असतील तर माझ्याकडचे पाठवते, ब्रँडची नावं तेवढी आपल्या कपाटातली घालून घ्या.