चीनची चौथी विमानवाहू नौका अणुभट्टीवर चालेलही, पण ती जाणार कुठे?

चीनची तिसरी विमानवाहू नौका 'फुजियान' ५ नोव्हेंबर २०२५ ला सान्याच्या तळावर चिनी नौदलात दाखल झाली. शी जिनपिंग स्वतः हजर होते. आपल्याकडच्या संरक्षणप्रेमी ग्रुपांत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, "छे, ती तर वाफेवर चालते, अणुऊर्जा कुठाय? अमेरिकेच्या जवळपास फिरकत नाही." दुसरा म्हणतो, "संपलं, हिंदी महासागर आता हातचा गेला." दोघांनाही माझा एकच प्रश्न आहे: हे जहाज नेमकं कुठे जायला बांधलंय?

माझी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली, त्यामुळे युद्धनौकेच्या बातमीत मी तोफांआधी इंजिन शोधतो. जहाज किती भारी हे इंजिनावरून ठरत नाही. मालकाला ते किती लांब न्यायचंय, याचा अंदाज मात्र येतो.

चीनची सुरुवात कशी झाली ते आठवा. सोव्हिएत काळात युक्रेनच्या मिकोलाइव्ह गोदीत अर्धवट राहिलेली 'वर्याग' १९९८ मध्ये श्यू झेंगपिंग नावाच्या व्यावसायिकाने दोन कोटी डॉलर्सना घेतली. मकावमध्ये तरंगता कॅसिनो करणार, असं जगाला सांगितलं. तुर्कस्तानने बॉस्फरसमधून सोडायला वर्षभराहून जास्त अडवून धरलं. सुएझमधून वाट मिळाली नाही, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून, ओढत ओढत, मार्च २००२ मध्ये ती चीनमधल्या दालियानच्या गोदीत पोचली. गंमत म्हणजे हिंदी महासागरातला तिचा सर्वात प्रसिद्ध प्रवास हा असा, टगबोटीच्या दोराला बांधून झालेला. पुढे श्यूनेच मुलाखतीत सांगितलं की तिची मूळ चार इंजिनं काढलेली नव्हती, ग्रीस माखून सीलबंद करून जहाजावरच होती. मला या सगळ्या कहाणीत सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते. लोखंडाचा सांगाडा कुणीही बांधेल. पन्नास-साठ हजार टनांचं धूड तीस नॉटच्या आसपास पळवणारे बॉयलर, टर्बाइन आणि गिअर समोर ठेवून शिकायला मिळणं ही वेगळीच चैन आहे. २०१२ मध्ये तीच 'लिआओनिंग' म्हणून दाखल झाली. २०१९ मधली 'शानडाँग' चीनने घरी बांधली, पण वळण तेच, बॉयलर आणि स्टीम टर्बाइन.

आपली विक्रमादित्यही त्याच मिकोलाइव्हच्या गोदीत जन्मलेली, हे अनेकांना माहीत नसतं. बॉयलरचं दुखणं काय असतं ते आपण तिच्यामुळे पाहिलंय. २०१२ च्या चाचण्यांत पूर्ण वेगाला नेताना तिच्या आठपैकी सात बॉयलरांनी मान टाकली, कारण आतलं उष्णतारोधक अस्तर टिकलं नाही. सुपूर्द व्हायला त्यानंतर वर्ष गेलं. बॉयलर थंड असेल तर वाफ धरायलाच तासन् तास लागतात, आणि हुकूम आला म्हणून त्याला घाई करता येत नाही. आपण विक्रांतला चार गॅस टर्बाइन बसवले त्याचं मला म्हणूनच बरं वाटलं होतं. चीनने ८० हजार टनांहून मोठ्या फुजियानसाठीही तेल जाळून केलेली वाफच ठेवली, कारण ती त्यांच्या हाताखालची आहे.

पण त्या वाफेवर त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. फुजियानवर तीन विद्युतचुंबकीय कॅटापल्ट, म्हणजे डेकवरून विमान झटक्यात फेकणारी यंत्रं, आहेत. एवढी वीज हवी तर अणुभट्टीच हवी, असं बरेच जण छातीठोकपणे सांगत होते. नौदलाचे अभियंते मा वेइमिंग आणि त्यांच्या चमूने डीसी विजेची व्यवस्था उभी करून ऊर्जा साठवायची आणि झटक्यात सोडायची, हा मार्ग धरला. सप्टेंबर २०२५ मध्ये जे-३५ आणि जे-१५टी ही लढाऊ विमानं आणि टेहळणीचं रडारवालं केजे-६०० अशी तिन्ही विमानं तिच्यावरून उडतानाचं चित्रीकरण त्यांनी जगाला दाखवलं. केजे-६०० सारखं जड, पंख्याचं विमान स्की-जंपवरून, म्हणजे डेकच्या नुसत्या वर वळलेल्या टोकावरून, उडवणं अवघड. ते उडालं म्हणजे ताफ्याला क्षितिजापलीकडचं दिसू लागलं. माझ्या मते फुजियानची खरी झेप ही आहे. इंजिनाचा वाद लोकांनी नसता मोठा केला.

मग चौथ्या नौकेला अणुभट्टी कशाला? याचं उत्तर लोक "अमर्याद पल्ला" या दोन शब्दांत उरकतात. पल्ला आहेच, पण इंजिन रूमवाल्याला आणखी काही दिसतं. जहाजाचा वेग थोडा वाढवायचा तर लागणारी शक्ती बेसुमार वाढते, साधारण वेगाच्या घनाच्या हिशेबात. तेलावरच्या जहाजाचा कप्तान म्हणूनच एक डोळा कायम टाक्यांवर ठेवून चालतो. अणुभट्टीवाला दिवसेंदिवस पूर्ण वेगाने जाऊ शकतो, तळ बदलू शकतो, वादळाला वळसा घालू शकतो. दुसरं, स्वतःच्या इंधनाच्या टाक्यांची जागा विमानांच्या इंधनाला मिळते. तिसरं म्हणजे धुराडं जातं. बॉयलरचा धूर वर नेणारे नळकांडे जहाजाच्या पोटातून, हँगरच्या कडेने जातात आणि डेकवरचा मनोरा फुगवतात. उतरणाऱ्या वैमानिकाला मागच्या गरम, खवळलेल्या हवेतून यावं लागतं ते वेगळंच.

चीनला हे हवंय याचा सर्वात ठोस पुरावा समुद्रापासून शेकडो मैल आत, सिचुआन प्रांतात आहे. कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी संस्थेचे संशोधक लेशान शहराजवळच्या एका बांधकामाकडे संशयाने पाहत होते. अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियमचं काम चालू असेल असा त्यांचा कयास होता. उपग्रहचित्रं, निविदा, सरकारी कागद जुळवताना निघालं भलतंच: मोठ्या पृष्ठभागावरच्या युद्धनौकेसाठी जमिनीवर बांधलेली नमुना अणुभट्टी. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे जाहीर झालं. चीनच्या पहिल्या आण्विक पाणबुडीची जमिनीवरची अणुभट्टी १९७० मध्ये याच मुलखात पूर्ण शक्तीने चालली होती. आपणही अरिहंत पाणबुडीच्या आधी कल्पक्कमला तेच केलं. तेव्हा हा शहाण्यांचा रस्ता आहे, यात बढाई नाही. घाईत चुकलेली अणुभट्टी जहाजाच्या पोटातून काढायची म्हणजे जहाजच उभं चिरायचं.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो. तैवानसाठी चीनला आण्विक विमानवाहू नौका लागत नाही. तैवान त्यांच्या किनाऱ्यावरच्या विमानतळांच्या टप्प्यात आहे. जून २०२५ मध्ये लिआओनिंग आणि शानडाँग एकाच वेळी प्रशांत महासागरात होत्या, लिआओनिंग तर दुसऱ्या द्वीपमालिकेपलीकडे, म्हणजे जपानपासून गुआमकडे जाणाऱ्या बेटांच्या रांगेपलीकडे गेली, तीही तेलावरच. खुद्द अमेरिकेने 'किटी हॉक' ही तेलावरची नौका २००८ पर्यंत जपानात योकोसुकाला ठेवली होती. अणुजहाज आपल्या बंदरात नको ही जपानी भावना त्यामागे होतीच, पण तळ जवळ असला की तेलावर भागतं हेही खरं. म्हणजे चीन अणुभट्टीवर एवढा पैसा आणि वेळ घालतोय तो घराजवळच्या पाण्यासाठी नाही. मलाक्का, सुंदा, लोंबोक या सामुद्रधुन्यांच्या अलीकडचा समुद्र, म्हणजे आपला, हा त्यांच्या दूरच्या पाण्यात येतो.

तरी "हिंदी महासागर गेला" म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. विमानवाहू नौका नवरदेवासारखी असते, एकटी कुठे जात नाही. बरोबरच्या विनाशिका गॅस टर्बाइनवर तेल पितात. विमानं अणुऊर्जेवर उडत नाहीत. त्यांचं इंधन, बॉम्ब, हजारो माणसांचं जेवण दर काही दिवसांनी भरावंच लागतं. फ्रान्सच्या 'शार्ल द गोल'ला दोन अणुभट्ट्या आहेत, तरी तिच्यामागे पुरवठा जहाज लागतंच. अणुभट्टीत इंधन भरण्याची वेळ आली की जहाज गोदीत अडकतं ते वेगळं. अमेरिकेची 'जॉर्ज वॉशिंग्टन' २०१७ ला त्यासाठी आत गेली ती २०२३ ला बाहेर आली. एक समुद्रात ठेवायची तर हाताशी तीन हव्यात, हा हिशेब कुणालाच चुकलेला नाही. पेंटॅगॉनच्या २०२५ च्या अहवालात २०३५ पर्यंत चीनच्या एकूण नऊ नौका होतील असा अंदाज आहे. आकडा थोडा फुगलेला असेल असं मला वाटतं, पण दिशेबद्दल शंका नाही.

म्हणून मी दालियानच्या गोदीचे उपग्रहफोटो बघतो, पण त्याहून जास्त लक्ष ९०१ प्रकारच्या पुरवठा जहाजांकडे ठेवतो. सुमारे ४५ हजार टनांचं हे जहाज विमानवाहू ताफ्याच्या वेगाने चालावं म्हणूनच बनवलंय, पहिलं २०१७ मध्ये आलं. ती भराभर वाढू लागली, आणि २००८ पासून एडनच्या आखातात गस्त घालणारं चिनी नौदल जिबुतीशिवाय आणखी एखाद्या धक्क्यावर हक्काने टेकू लागलं, तर कारवारला आणि गोव्यात हंसा तळावर बसलेल्यांनी काळजी करावी. त्याआधी नुसती अणुभट्टी आली म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

माझा अंदाज विचाराल तर चीन दोन्ही घोडे दामटेल. दालियानला आण्विक नौका आकार घेईल, आणि शांघायच्या जियांगनान गोदीत फुजियानचीच सुधारलेली बहीण तेलावर बांधली जाईल, कारण तिथला कामगार ते काम आता डोळे मिटून करू शकतो. पहिली आण्विक नौका दाखल झाल्यावर पहिली काही वर्षं तर चाचण्या आणि डागडुजीतच जातील. स्टीम टर्बाइनवर किंवा नौदलात काम केलेल्यांना हा अंदाज पटत नसेल तर सविस्तर लिहा, मला वाचायला आवडेल. "अमुक भारी की तमुक भारी" वाल्यांना मात्र यावेळी उत्तर देणार नाही.