कुठेतरी फॉस्फेट मुरते आहे

ठाण्यातल्या आमच्या दिवाणखान्यात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा एक समुद्र आहे. त्यात सुमारे १७० लिटर खारे पाणी, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊन माशांची जोडी, काही खडक, दोन-चार प्रवाळ आणि माझ्या स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेचा एक लचका बुडालेला आहे. माणूस अशी टाकी मासे पाहण्यासाठी घेतो, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात गेल्या सव्वा वर्षात मी मासे कमी आणि काच जास्त पाहिली. सकाळी पुसलेल्या काचेवर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फिकट हिरवी साय धरते, आणि चौथ्या दिवशी पलीकडे फिरताहेत ते मासे आहेत, कोणी गाजराचे काप टाकलेले नाहीत, हे पाहुण्यांना समजावून सांगावे लागते.

पुसलेली काच स्वच्छ असते हाच मुळी भ्रम आहे. काही तासांतच तिच्यावर जिवाणूंचा एक न दिसणारा बुळबुळीत थर बसू लागतो, त्या थरावर पाण्यात तरंगणारे शेवाळाचे सूक्ष्म जीव बैठक मारतात, आणि वरून दिव्याचा उजेड व खालून नायट्रेट-फॉस्फेट ही खते मिळाली की आमच्या काचेवर बारमाही शेती सुरू होते. पहिल्या महिन्यातले पीक तपकिरी होते. ते डायॅटम नावाच्या जीवाचे. हा जीव पाण्यातल्या सिलिकापासून स्वतःचे कवच बनवतो. म्हणजे काचेवर राहायला आलेला हा भाडेकरू स्वतःचे काचेचे घर पाठीवर घेऊनच आला होता. 'टाकीची सायकल चालू आहे, म्हणजे नव्या पाण्यात जिवाणूंची घडी बसते आहे, आपोआप जाईल,' असे दुकानदार म्हणाला आणि ते खरोखर गेले. फक्त जाताना जागा हिरव्याच्या नावावर करून गेले.

आईचे माहेर देवगडच्या बाजूचे. माझी काचपुशी ती पहिल्या दिवसापासून एखाद्या परग्रहवासीयाचा विधी पाहावा तशी पाहत आली आहे. "अरे, समुद्रातल्या खडकांवर असतंच की शेवाळ! ते कोणी घासायला जातं का?" हा तिचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप मिठाचा होता. दर आठवड्याला मी १७ लिटर पाणी बदलतो, त्यासाठी लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने जवळजवळ ६०० ग्रॅम मीठ लागते, आणि हे मीठ परदेशातून बादलीत बसून येते. "समुद्र तासाभरावर आहे आणि तू विकतच्या मिठाचा समुद्र करतोस?" मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी किती असते, पावसाळ्यात त्याचा खारटपणा कसा उतरतो, हे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले. पटवून घेतले नाही.

काच पुसण्याचे अधिकृत साधन म्हणजे चुंबक. त्याचे दोन तुकडे असतात, एक काचेच्या आत, एक बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला मुकाट्याने मागे येतो, असे खोक्यावर छापलेले असते. कोपऱ्यावर हात जरा घाईने वळला की बाहेरचा तुकडा पुढे जातो आणि आतला 'आता पुरे' म्हणून वाळूत लोळण घेतो. मग बाही खांद्यापर्यंत वर करून त्याला काढायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. अशाच एका प्रसंगी त्याच्या खरखरीत बाजूत एक खडा अडकलेला मी पाहिला नाही. 'कर्र' असा एक आवाज आला, आणि दर्शनी काचेवर मधोमध, माणूस खुर्चीत बसला की नेमकी डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी, वीतभर लांबीची धनुष्याकृती रेघ उमटली. तेव्हापासून शेवाळ सर्वांत आधी त्या रेघेत उगवते. बाकी काच कोरी आणि मधोमध हिरवी भुवई, अशा अवस्थेत आमची टाकी माझ्याकडे रोखून पाहते.

याखेरीज जांभळट-गुलाबी रंगाचे, चुनखडीसारखे टणक असे एक शेवाळ असते. ते खडकांवर पसरावे म्हणून शौकीन लोक देव पाण्यात ठेवतात, आणि काचेवर पसरले की कपाळाला हात लावतात. चुंबकाला ते भीक घालत नाही. त्यासाठी मी माझे मुदत संपलेले एटीएम कार्ड वापरतो. ज्या बँकेत मी २७ वर्षे लेखापरीक्षण केले, त्या बँकेच्या कार्डाचा इतका चोख उपयोग मला नोकरीत असताना कधी झाला नव्हता.

पुढे मी मनुष्यबळ वाढवले. सहा गोगलगायी आणल्या. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण तिचा शब्दशः अर्थ काचेवर चढलेली गोगलगाय समोरून पाहिल्यावर कळला: प्राण्याचे सगळे पोट म्हणजेच एक रुंद, लाटा मारत सरकणारा पाय. या प्राण्यांच्या वर्गाला शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावातही ग्रीक भाषेतले 'पोट' आणि 'पाय' हेच दोन शब्द आहेत. आपल्याकडे ते म्हातारीकोतारीलाही ठाऊक होते. गोगलगाय खाते मात्र अत्यंत अनियमितपणे. तिच्या खरवडणाऱ्या जिभेच्या बारीक नागमोडी खुणा हिरव्या थरावर उमटतात, आणि सकाळी पाहावे तर सगळी काच मोडी लिपीत लिहिलेल्या एखाद्या जुन्या दस्तऐवजासारखी दिसते. मजकूर लागत नाही, पण जमिनीचा वाद असावा असे वाटते.

त्यांच्या मदतीला 'लॉनमोअर ब्लेनी' नावाचा मासा आणला. नावातच हिरवळ कापण्याचे यंत्र आहे. याने काम सुरू केले ते मागच्या काचेवर, जिथे कोणाचेही लक्ष जात नाही. तो काचेला ओठ लावतो आणि शेवाळाचा एक घास घेतो. मागे ओठांचा स्वच्छ ठसा राहतो. महिन्याभरात मागची काच अशा शेकडो मुक्यांनी भरून गेली. दर्शनी काचेकडे मात्र तो फक्त खाद्याच्या वेळी येई, आणि तो दिवसातून बऱ्याच वेळा का येतो, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

मी नोंदी ठेवत होतो. लेखापरीक्षकाच्या टाकीला खतावणी नसेल तर कोणाच्या असेल? दिवे बारा तासांवरून आठ तासांवर आणले. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी सोडून शून्य टीडीएसचे, म्हणजे विरघळलेले क्षार अजिबात नसलेले, पाणी देणारे वेगळे यंत्र बसवले. नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आत असावे, ते ५० होते. सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे फॉस्फेट एकदा जवळजवळ शून्य आले, आणि त्याच आठवड्यात काच इतकी हिरवी झाली की दिवाणखान्यात पालकाचा भास व्हावा. नंतर कळले की पाण्यात येणारे फॉस्फेट वाढते शेवाळच गिळून टाकते, त्यामुळे चाचणीत ते सापडतच नाही. हा प्रकार माझ्या धंद्यातला होता! ताळेबंद जुळतो, रोकड नसते, आणि शाखाधिकाऱ्याच्या बंगल्यावर नवा मजला चढलेला असतो. कुठेतरी मुरत होते.

सापडले ते फ्रीजरमध्ये. माशांचे खाद्य म्हणजे मायसिस नावाच्या बारीक कोळंबीसारख्या जिवांचे गोठवलेले चौकोनी तुकडे. तीस तुकड्यांचे पाकीट, रोज अर्धा तुकडा चहाच्या गाळणीत धुऊन घालायचा, म्हणजे पाकीट दोन महिने पुरायला हवे. ते तीन आठवड्यांत संपत होते, आणि मी मनातल्या मनात दुकानदारावर मोजणीत मारतो म्हणून ठपका ठेवत होतो. एके दुपारी झोप न लागल्याने बाहेर आलो, तर आई टाकीपाशी उभी. हातात अख्खा तुकडा, न धुतलेला.

"आई, हे काय?"

"जवळाच आहे की हा, बर्फातला. ही दोघं रोज मला बघून काचेशी येतात, तोंड उघडतात. उपाशी लेकरं ती. तू सकाळी देतोस ते चिमूटभर कोणाच्या घशाला लागणार?"

आवाज ऐकून चिरंजीव खोलीतून आले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "बाबा, संध्याकाळी क्लासहून आल्यावर मीपण टाकतो. मला वाटलं, तुम्ही विसरता."

मासे तिघांकडेही त्याच उपाशी चेहऱ्याने पाहत होते आणि प्रत्येकाला आपणच एकटे दयाळू आहोत असे वाटत होते. या जादा खाद्याचेच पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट होत होते. फ्रीजवर मी तारीख, वेळ, मात्रा आणि सही असे रकाने आखलेला कागद लावला. आईने पहिले काही दिवस अंगठा उठवण्याची धमकी दिली. नंतर ती रीतसर सही करू लागली.

दोन महिन्यांत नायट्रेट १२ वर आले. काच आता पाच दिवसांनी पुसली तरी चालते, हिरवी भुवईसुद्धा विरळ झाली. मी अनेक महिन्यांनी खुर्चीत बसून मासे पाहिले. तेव्हा एक गोगलगाय वाळूत उताणी पडलेली दिसली, दुसरी काचेवर एकाच जागी मरगळून चिकटलेली. चौकशी केली तेव्हा निदान झाले: उपासमार. काचेवर खायला काही उरलेले नव्हते.

उपाय सोपा होता. समुद्री शेवाळाचे वाळवलेले कागद मिळतात, जपानी लोक त्यात भात गुंडाळतात. त्याचे एक पाकीट आणले, आणि सोबत कागद काचेला लावून ठेवण्यासाठी चुंबकाचा चिमटा. मी तो गडद हिरवा चौकोन दर्शनी काचेवर नीट मधोमध, बरोबर त्या रेघेवर बसवत असताना आई मागे येऊन उभी राहिली. तिने पाकिटावरची किंमत वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मग इतके दिवस पुसत काय होतास?"